गेंड्याच्या पिल्लाच्या दातावरची आडवी खाच: १ कोटी २० लाख वर्षांपूर्वीचे हाल आज कसे काय कळतात?

२०२५ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यातल्या गेंड्यांची एक बातमी बरीच फिरली होती. तिथे ज्वालामुखीच्या राखेत गाडले गेलेले शंभरावर गेंडे सापडलेत, जवळपास १ कोटी २० लाख वर्षांपूर्वीचे, आणि सिनसिनाटी युनिव्हर्सिटीच्या टीमने त्यांच्या दातांची केमिकल तपासणी करून सांगितलं की हे गेंडे कुठून तरी लांबून जीव वाचवायला पळत आलेले नव्हते, ते तिथलेच होते, आयुष्यात फार लांब गेलेच नव्हते. बातमी वाचून पहिलं मनात येतं ते हेच, की एवढ्या जुन्या दातावरून हे कसं काय कळतं बुवा, की शास्त्रज्ञ आपले ठोकून देतात?

प्रश्न अगदी रास्त आहे आणि त्याचं उत्तर बातमीत फारसं मिळत नाही. शिवाय त्या उत्तराच्या पोटात मला बातमीपेक्षा जास्त मोलाची वाटणारी एक गोष्ट आहे. दातावरून फक्त कुठे फिरला एवढंच नाही, तर पिल्लू असताना त्याची वाढ कधी अडखळली, कुठल्या वयात उपासमार झाली किंवा आजारपण आलं, हेसुद्धा वाचता येतं. आणि हे वाचायला म्हातारा गेंडा उपयोगाचा नाही, पिल्लूच लागतं. का, ते खाली येईलच.

आधी ती जागा कशी आहे ते बघू

जागेचं नाव ॲशफॉल. नेब्रास्काच्या ईशान्य भागात रॉयल नावाच्या छोट्या गावाजवळ मक्याच्या शेताच्या कडेला एक घळ आहे, तिथे १९७१ मध्ये मायकल व्हूरहीज या जीवाश्मतज्ज्ञांना मातीतून बाहेर आलेली एक कवटी दिसली. ती गेंड्याच्या पिल्लाची होती. थोडं खणल्यावर कळलं की नुसती कवटी नाहीये, मागे अख्खा सांगाडा जसाच्या तसा जोडलेला आहे. जीवाश्मांच्या बाबतीत हे फार दुर्मिळ असतं, एरवी एखादा दात, अर्धा जबडा, पायाचं एखादं हाड, एवढंच हाती लागतं. मग १९७८-७९ मध्ये मोठं उत्खनन झालं आणि एकामागून एक सांगाडे निघत गेले, काही पिल्लं तर आईच्या अंगाला लागून पडलेली. आज तिथे पार्क आहे, सांगाडे आहेत त्याच जागी ठेवून वर शेड बांधलीय, लोक जाऊन बघू शकतात.

हा गेंडा आपल्या काझीरंगातल्या गेंड्यासारखा दिसत नव्हता. त्याचं नाव टेलिओसेरास. पाय आखूड, पोट जमिनीला लागेल इतकं मोठं, नाकावर एक छोटंसं शिंग, लांबून बघितलं असतं तर पाणघोडाच वाटला असता. पण गवत खायचा, हे नक्की, कारण काही सांगाड्यांच्या तोंडात आणि घशाच्या जागी गवताच्या बिया सापडल्यात. शेवटचा घास तसाच राहिला.

राख आली कुठून तर साधारण दीड हजार किलोमीटरवरून, आजच्या आयडाहो राज्यातल्या एका महाज्वालामुखीतून. ही राख म्हणजे चुलीतली मऊ राख समजू नका, ती काचेची पूड असते, श्वासाबरोबर आत गेली की फुप्फुसं ओरबाडते. पाणवठ्याभोवती जमलेले प्राणी एकदम मेले नाहीत, हे महत्त्वाचं आहे. खालच्या थरात पक्षी आणि कासवं, त्यांच्यावर छोटे घोडे आणि उंट, आणि सगळ्यात वर गेंडे. म्हणजे लहान प्राणी आधी गेले, मोठ्या फुप्फुसांचे गेंडे सगळ्यात शेवटी, राख पडल्यावर बहुधा काही आठवड्यांनी.

दात कसा बनतो

आता मुद्द्याकडे येऊ. दाताच्या बाहेरचं पांढरं कडक कवच म्हणजे इनॅमल. शरीरातली सगळ्यात कठीण वस्तू हीच, जवळजवळ सगळं खनिजच, जिवंत पेशी त्यात एकही नाही. पण ते बनतं मात्र जिवंत पेशींकडून. दात हिरडीच्या आत, जबड्यात असतानाच या पेशी रोज थोडं थोडं इनॅमल टाकत जातात, टोकापासून सुरुवात करून मुळाच्या दिशेने, आणि काम संपलं की त्या पेशी मरून जातात. दात तोंडात दिसायला लागतो तेव्हा त्याचं इनॅमल बनून झालेलं असतं आणि ते दुरुस्त करणारं कोणीच मागे उरलेलं नसतं.

या रोजच्या कामाची नोंद इनॅमलमध्ये राहते. दाताचा अगदी पातळ काप काढून, घासून मायक्रोस्कोपखाली धरला की बारीक बारीक रेषा दिसतात, दोन रेषांमधलं अंतर म्हणजे एक दिवस. काही मायक्रॉनचं अंतर, म्हणजे मिलिमीटरचे काही हजारावे भाग. त्याशिवाय काही दिवसांनी येणाऱ्या जाड रेषा असतात, माणसात त्या साधारण सात ते नऊ दिवसांनी येतात. आणि एक खास रेष असते ती जन्माची. बाळ आईच्या पोटातून बाहेर येतं तो दिवस शरीराला एवढा मोठा धक्का असतो की त्या वेळी बनत असलेल्या दातात त्याची रेष उमटते. तुमच्या-माझ्या दुधाच्या दातांतसुद्धा होती.

तर दात म्हणजे वाढीची एक डायरीच झाली, आणि ती जपून राहते. हाड जमिनीत पडून बरंच बदलतं, आजूबाजूची खनिजं शोषतं, पण इनॅमल इतकं घट्ट असतं की फारसं काही आत शिरत नाही. किती टिकतं म्हणाल तर कॅनडाच्या उत्तर टोकाला सापडलेल्या २ कोटी वर्षांहून जुन्या एका गेंड्याच्या इनॅमलमधून २०२५ मध्येच प्रोटीनचे तुकडेसुद्धा मिळाले.

मग खाच कशाने पडते?

मोठा ताप येऊन गेला, टायफॉइड झाला, की काही आठवड्यांनी हाताच्या नखांवर आडवी खाच दिसते, बघितलंय का कधी? कोविडनंतर बऱ्याच जणांना दिसली होती. शरीर त्या काळात जगण्याच्या धडपडीत असतं, नख वाढवायला त्याच्याकडे काही उरत नाही, त्यामुळे तेवढ्या दिवसांचं नख पातळ बनतं. बरं वाटलं की नख पुन्हा नीट यायला लागतं आणि खाच पुढे पुढे सरकत जाते, शेवटी आपण ती कापून टाकतो आणि विसरतो.

दाताचं अगदी असंच होतं, फरक इतकाच की ती खाच पुढे सरकत नाही आणि कापून टाकता येत नाही. इनॅमल बनवणाऱ्या पेशींना काही दिवस नीट पोषण मिळालं नाही, किंवा अंगात ताप असला, जंतांनी पोखरलं, आईचं दूध आटलं, तर त्या पेशी मंदावतात किंवा लवकर थांबतात आणि तेवढ्या जागेत इनॅमल पातळ राहतं. याला शास्त्रीय भाषेत इनॅमल हायपोप्लेजिया म्हणतात. नाव एकदा ऐकून ठेवा, पुढे आपण खाचच म्हणू.

खाच दिसते कशी, तर साध्या उजेडात समोरून बघितलं तर बरेचदा दिसतही नाही. दात हातात घेऊन लॅम्पखाली हळूहळू तिरका करत गेलं की एका ठिकाणी सावलीची बारीक आडवी पट्टी येते, आणि नखाचं टोक मुळाकडून वर नेलं की तिथे अडखळतं. कधी ती सलग रेष असते, कधी ओळीने छोटे छोटे खड्डे, आणि फारच वाईट काळ असेल तर एखाद्या जागी इनॅमल जवळजवळ नसतंच. अल्फ्रेड मीड यांनी १९९९ मध्ये नेब्रास्कातल्या टेलिओसेरासच्या दातांवरच्या अशाच खाचांवर पेपर लिहिला होता आणि या खाचा म्हणजे शरीरावर आलेल्या तीव्र ताणाचा पुरावा आहे असं मांडलं होतं.

इथे ताण हा शब्द आपण ऑफिसच्या टेन्शनच्या अर्थाने वापरतो तसा घेऊ नका. वाढीच्या वयात शरीराची वाढ रोखणारी कुठलीही गोष्ट, एवढाच त्याचा अर्थ.

कुठल्या वयात पडली, हे कसं सांगतात?

हा भाग मला सगळ्यात जास्त आवडतो. सगळे दात एकाच वेळी बनत नाहीत. गेंड्याच्या दुधाच्या दाढा आईच्या पोटात असतानाच बनायला लागतात, आणि गेंड्याचं गरोदरपण पंधरा-सोळा महिन्यांचं असतं, म्हणजे बराच वेळ मिळतो. दुधाच्या दाढांमधली शेवटची, चौथी, ही जन्माच्या आसपासच्या काळात बनत असते, त्यामुळे तिच्यावर खाच असेल तर ती जन्माच्या धक्क्याशी किंवा जन्मानंतरच्या पहिल्या दिवसांशी जोडतात. कायमच्या दाढा त्यानंतर एकेक करून बनत जातात आणि सगळ्यात मागची दाढ तर जनावर जवळजवळ पूर्ण वाढीचं होईपर्यंत येत नाही. मधल्या आणि उशिराच्या दातांवर खाच असेल तर दोन गोष्टींचा विचार करावा लागतो, दूध तुटलं तो काळ, आणि आईने हाकलून दिलं तो काळ.

हो, गेंड्याची मादी पिल्लाला हाकलते. आजच्या गेंड्यांमध्ये पुढचं पिल्लू व्हायच्या वेळेला आई मोठ्या पिल्लाला जवळ येऊ देत नाही, अंगावर धावून जाते. दोन-चार वर्षं जिच्या सावलीत चारा कुठे, पाणी कुठे, वाघ-सिंह कुठे हे शिकलं ती एक दिवस ओळखच दाखवत नाही, आणि ते पिल्लू एकटं पडतं. फ्लोरिडामध्ये सापडलेल्या टेलिओसेरासच्या सांगाड्यांचा मॅथ्यू मिलबाखलर यांनी २००३ मध्ये अभ्यास केला तेव्हा तरुण वयातले नर जास्त संख्येने मेलेले दिसले, आजच्या गेंड्यांमध्येही त्या वयातले नर मारामाऱ्यांत जातात. म्हणजे तेव्हाही नुकतंच वयात आलेल्या नरांचा काळ कठीणच होता.

तर दात कुठला, आणि त्या दातावर खाच टोकापासून किती खाली, या दोन गोष्टी जोडल्या की पिल्लाचं साधारण वय मिळतं. साधारण म्हणतोय, तारीख नाही. नामशेष झालेल्या जातीचे दात नेमक्या कुठल्या महिन्यात बनायचे हे आपण आजच्या गेंड्यांवरून धरून चालतो, आणि ते तंतोतंत जुळेलच असं नाही.

त्याचं एक चांगलं उदाहरण सायबेरियातलं आहे. याकुतियामध्ये २०१४ मध्ये बर्फात गोठलेलं लोकरी गेंड्याचं पिल्लू सापडलं, केसांसकट, त्याला साशा नाव दिलं. अंगाच्या आकारावरून ते दीड वर्षाचं वाटत होतं. दात बघितल्यावर मात्र वय निघालं फक्त सात महिन्यांच्या आसपास. म्हणजे हा लोकरी गेंडा आजच्या गेंड्यापेक्षा बराच भराभर वाढत होता, कडाक्याच्या थंडीत पहिला हिवाळा काढायचा तर बहुधा तसं वाढणं भागच होतं. नुसता आकार बघून वय ठरवलं असतं तर हे कळलंच नसतं, उलट सात महिन्यांचं पिल्लू दीड वर्षाचं म्हणून सगळा हिशोब चुकला असता.

आणि पिल्लूच का लागतं, त्याचं उत्तरही इथेच आहे. गवत खाणाऱ्या जनावराचे दात झिजतात, गवतात सिलिका असते, वर धूळमाती. दाताचं टोक आधी बनलेलं असतं आणि झिजही टोकापासूनच होते, त्यामुळे म्हाताऱ्या गेंड्याच्या तोंडात त्याच्या बालपणाची नोंद शिल्लकच राहत नाही, दुधाच्या दाढा पडून गेलेल्या आणि कायमच्या पहिल्या दाढा घासून सपाट झालेल्या. पिल्लाच्या जबड्यात मात्र झिजलेली दुधाची दाढ, नुकती आलेली कायमची दाढ आणि हाडाच्या आत अजून बनत असलेला दात असे तिन्ही एका वेळी मिळतात. हाडातला दात बघायला आता जबडा फोडावा लागत नाही, सीटी स्कॅनमध्ये दिसतो.

हाडांवरून काही कळत नाही का?

कळतं, पण वेगळं. लांब हाडाचा आडवा काप घेतला की त्यातही वाढ थांबल्याच्या रेषा दिसतात, साधारण वर्षाला एक, चाऱ्याचा टंचाईचा मोसम आला की वाढ मंदावते म्हणून. पूर्वी समजूत होती की अशा रेषा फक्त थंड रक्ताच्या प्राण्यांत येतात, मगर वगैरे. २०१२ मध्ये माइके कोहलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हरणं, गवे अशा रवंथ करणाऱ्या बऱ्याच प्राण्यांची हाडं तपासून दाखवलं की गरम रक्ताच्या प्राण्यांतही त्या असतात. पुढे स्पेनमधल्या एका जुन्या गेंड्याच्या हाडांवरही असं काम झालंय.

पण हाड जिवंत असतं, ते स्वतःला सतत मोडून पुन्हा बांधत राहतं, त्यामुळे लहानपणच्या रेषा मोठेपणी पुसून जातात. दात विसरत नाही, हाड विसरतं. म्हणून लहानपण वाचायचं तर दात आणि शेवटचे दिवस वाचायचे तर हाड, असं साधारण समजा.

ॲशफॉलमध्ये हाडांनी शेवटच्या दिवसांचं जे सांगितलंय ते वाचवत नाही. बऱ्याच गेंड्यांच्या पायांच्या हाडांवर, बरगड्यांवर, जबड्यांवर नव्या हाडाचा खडबडीत, भुसभुशीत थर चढलेला आहे. फुप्फुसं निकामी व्हायला लागली की असं होतं, माणसांत आणि कुत्र्यांतही होतं, छातीतल्या दुखण्याचा परिणाम हातापायांच्या हाडांवर दिसतो. आणि असा थर चढायला आठवडे लागतात. म्हणजे ही जनावरं एका दिवसात नाही गेली. अंगाला सूज, पाय टेकवताना वेदना, श्वास घेता येत नाही, आणि तरी पाणवठ्याला धरून होती, पिल्लं आयांना धरून होती.

आता यातली गंमत बघा, गंमत हा शब्द इथे बरा नाही पण दुसरा सुचत नाही. मोठ्या गेंड्याचे सगळे दात आधीच बनून झालेले, त्यामुळे राखेच्या त्या आठवड्यांची त्याच्या दातात काहीही नोंद होऊ शकत नाही. नोंद होऊ शकते ती फक्त पिल्लाच्या जबड्यात, जिथे दात अजून बनतोय. आणि पिल्लाच्या दातांवरच्या वरच्या, आधी बनलेल्या भागातल्या खाचा राखेच्या असूच शकत नाहीत, त्या राखेआधीच्या आयुष्यातल्या आहेत. बातमीत हे सगळं एकत्र कालवलं जातं आणि वाचणाऱ्याला वाटतं की दातावरची प्रत्येक खाच ज्वालामुखीमुळे पडली. तसं नाही.

ती नुसती ओरखड्याची खूण नसेल कशावरून?

शंका योग्य आहे, कारण दात जमिनीत घासले जातात, फुटतात, खणताना हत्यार लागतं. पण ओरखडा इनॅमल कापत जातो, त्याच्या कडा धारदार असतात, दिशा कशीही असते. खाचेत इनॅमल कापलेलं नसतं, ते बनतानाच कमी बनलेलं असतं, त्यामुळे कडा गुळगुळीत आणि काप घेतला तर आतल्या रेषाही त्या जागी दाटलेल्या किंवा वाकलेल्या दिसतात. दुसरी खात्री म्हणजे जोडी. आजार अख्ख्या शरीराला होतो, त्यामुळे त्या वेळी बनत असलेल्या डाव्या आणि उजव्या, दोन्ही बाजूच्या दातांवर खाच हवी, एकाच पातळीवर. एकाच दातावर असेल तर ती बहुधा तिथल्या तिथे मार लागल्याची.

तरीही एक मर्यादा प्रामाणिकपणे सांगायला हवी. खाच बघून आजाराचं नाव सांगता येत नाही. ताप होता, जंत होते, दुष्काळ होता, की आई मेली, दात यातलं काही वेगळं करून दाखवत नाही, फक्त वाढ थांबली होती एवढंच दाखवतो. काही वेळा पाण्यातला फ्लोराइडसुद्धा इनॅमल बिघडवतो. आपल्याकडे यवतमाळ, चंद्रपूरच्या काही गावांत बोअरच्या पाण्यामुळे पिवळे-तपकिरी डाग पडलेले दात लोकांनी बघितलेत. ज्वालामुखीच्या राखेतूनही फ्लोराइड चाऱ्यावर येतो, आइसलँडमध्ये १७८३ च्या लाकी उद्रेकानंतर त्याच्यामुळे गुरं-मेंढ्या प्रचंड संख्येने मेल्या होत्या. त्यामुळे राखेच्या प्रदेशातला दात वाचताना हीपण शक्यता बाजूला ठेवून चालत नाही. जे लेख एका खाचेवरून थेट अमुक आजार असं छापतात त्यांच्यावर माझा विश्वास बसत नाही.

खाचा जास्त म्हणजे तो कळप जास्त आजारी, बरोबर?

इथेच बहुतेक जण घसरतात, म्हणून इथे जरा थांबू.

खाच पडते कशी हे परत आठवा. पेशी मंदावतात, तेवढं इनॅमल पातळ बनतं, आणि मग *पुन्हा* नीट इनॅमल बनायला लागतं. पुन्हा सुरू झालं म्हणूनच ती खाच दिसते, खालचा भाग जाड आहे म्हणून मधला पातळ कळतो. म्हणजे खाच असलेलं पिल्लू ते आजारपण काढून उठलेलं आहे. जे पिल्लू त्याच तापात आठ दिवसांत मेलं, त्याच्या दातावर काहीच नाही, त्याचा दात बघाल तर तब्येतीने एक नंबर वाटेल.

आता दोन कळप समोर ठेवा. एकात खूप दातांवर खाचा आहेत आणि दुसऱ्यात अगदी कमी. कुठला कळप सुखात होता? पहिल्या झटक्यात आपण दुसरा म्हणू. पण असंही असू शकतं की दुसऱ्यात साथ इतकी वाईट होती की पिल्लं खाच पडायच्या आतच मरून गेली, आणि पहिल्यात आयांचं दूध भरपूर होतं म्हणून आजारी पिल्लंसुद्धा तगली. माणसांच्या जुन्या सांगाड्यांवर काम करणाऱ्यांना हा पेच १९९२ मध्ये जेम्स वुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका गाजलेल्या लेखात घालून दिला आणि तेव्हापासून या विषयात कोणी खाचा मोजून सरळ निष्कर्ष काढला तर त्याला हाच प्रश्न विचारला जातो.

अडचण आणखी पुढे आहे. एरवी जीवाश्म कोणाचे मिळतात? मेलेल्यांचे, आणि जी पिल्लं लहानपणी मरतात ती बहुतेक अशक्त, आजारी असतात. म्हणजे आपल्याकडे येणारा नमुनाच रडतखडत जगणाऱ्यांचा. धडधाकट पिल्लं मोठी झाली, आणि त्यांचे लहानपणचे दात झिजून गेले. मग निरोगी पिल्लाचा दात तुलनेला आणायचा कुठून?

ॲशफॉल यासाठी मला अमूल्य वाटतं. तिथे राखेने निवड केली नाही. धडधाकट पिल्लू आणि मरतुकडं पिल्लू, दूध पाजणारी आई, पोटात गर्भ असलेली मादी, कळपातले मोजके मोठे नर, सगळे एका मोसमात गेले. आजारपणाने एकेक करून मेलेल्यांचा तो ढिगारा नाही, एक जिवंत कळप होता तसाच्या तसा थांबलेला आहे. म्हणूनच तिथल्या पिल्लांचे दात लावून बघितले तर त्यांची वयं सलग येत नाहीत, गटागटाने येतात, एका गटाचं वय आणि पुढच्या गटाचं वय यांत साधारण वर्षाचं अंतर. म्हणजे पिल्लं वर्षातल्या ठरावीक मोसमात जन्माला यायची. हे एका-दोन सांगाड्यांवरून कधीच कळलं नसतं. आणि ज्या पिल्लांनी आधीचं आजारपण काढलं ती आणि ज्यांना कधी काही झालंच नाही ती, दोन्ही शेजारी शेजारी पडलेली मिळतात, तुलना करायला.

फ्रान्सच्या नैऋत्येला बेऑन नावाची दुसरी एक जागा आहे, साधारण १ कोटी ७० लाख वर्षांपूर्वीची, तिथे गेंड्यांच्या चार जाती एकत्र मिळतात. मॅनॉन हुलो आणि सहकाऱ्यांनी तिथले दात तपासले तेव्हा दिसलं की एकाच ठिकाणी, एकाच हवेपाण्यात राहूनही काही जातींच्या दातांवर खाचा बऱ्याच आणि काहींच्या दातांवर कमी. हवामान सगळ्यांना सारखंच असेल तर फरक कुठून आला, तर चारा वेगळा, दूध तोडायचं वय वेगळं, स्पर्धा वेगळी. तिथेही वरचा पेच लागू आहेच, पण निदान हवामान हे एक कारण बाजूला काढता येतं, आणि असं एकेक कारण बाजूला काढत जाणं हेच या कामाचं खरं स्वरूप आहे.

आपला याच्याशी काय संबंध?

दोन संबंध सांगतो, दोन्ही खरे आहेत, ओढूनताणून आणलेले नाहीत.

पहिला म्हणजे गेंडा आपल्या दख्खनचाही होता. ब्रिटिश भूगर्भशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्रूस फूट यांनी बेळगाव जिल्ह्यात गोकाकजवळ सापडलेल्या जुन्या गेंड्याच्या अवशेषांचं वर्णन १८७४ मध्ये छापलं आणि त्या जातीला दख्खनचंच नाव दिलं, ऱ्हायनोसेरॉस डेक्कनेन्सिस. घटप्रभेच्या खोऱ्यात, म्हणजे कोल्हापूरहून काही तासांवर. गुजरातेत लांघणजला पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या हसमुख सांकळिया यांनी केलेल्या उत्खननात गेंड्याच्या खांद्याचं हाड मिळालं, त्यावर ठोकाठोकीचे खड्डे आहेत, म्हणजे माणसांनी ते ऐरणीसारखं वापरलं होतं. आज आपल्याला गेंडा म्हटलं की फक्त आसाम आठवतो.

दुसरा संबंध अधिक जवळचा आहे. पुणे जिल्ह्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे, तिथे तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची वस्ती सापडली, आणि घरांच्या जमिनीखाली मातीच्या भांड्यांत पुरलेली लहान मुलं. नेवासा आणि दायमाबादलाही तसंच. डेक्कन कॉलेजचे सुभाष वाळिंबे आणि अमेरिकेतले जॉन लुकाक्स यांनी या मुलांच्या दुधाच्या दातांवरच्या अशाच उणिवा तपासल्या, विशेषतः सुळ्यांवरच्या, आणि तिथल्या आया-बाळांच्या पोषणाबद्दल त्यातून काय समजतं ते मांडलं. पद्धत तीच, तिरक्या उजेडात दात फिरवायचा, खाच कुठे आहे ते मोजायचं, कुठल्या वयाची ते काढायचं, आणि मग तोच पेच सोडवायचा, की ही मुलं आजारी होती म्हणून खाच आहे की आजारातून उठली म्हणून.

आणि आज जिवंत असलेल्या गेंड्यांसाठी याचा उपयोग आहे का, असं कोणी विचारलं तर आहे. आपल्या एकशिंगी गेंड्याचं पिल्लू जन्मतः साठ-सत्तर किलोचं असतं आणि चांगलं दूध मिळालं तर दिवसाला किलो-दीड किलोने वाढतं. एवढ्या वेगाने वाढणाऱ्या शरीराला दूध आठवडाभर कमी पडलं तरी फटका बसतो, आणि काझीरंगात दरवर्षी ब्रह्मपुत्रेचा पूर येतो, पिल्लं आयांपासून तुटतात, काहींना माणसं वाचवून बाटलीने दूध पाजून वाढवतात. नैसर्गिक मरण आलेल्या गेंड्यांच्या कवट्या वनखात्याकडे असतातच. पुराची वर्षं लिहिलेली आहेत, वाचवलेल्या पिल्लांच्या नोंदी आहेत, तेव्हा अशा जनावराच्या दातावरची खाच आणि पुराचा महिना यांचा मेळ घालून बघता येईल. तसं झालं तर नेब्रास्कातल्या पिल्लाच्या दातावर आज आपण जे अंदाजाने वाचतो, त्यातलं बरंचसं पडताळून बघता येईल, कारण इथे निदान एका बाजूला काय घडलं होतं ते आपल्याला माहीत असेल.